क्रमांक चौतीस, पाठमोरी बाई

सुचेता: नाही काका. टाकी हलली असं मी लिहिणार नाही.

भालचंद्र: नको लिहूस. मग तूच सांग, ती फोटोत शाळेच्या डावीकडे काय करतेय? अख्ख्या पिपलानीला विचार, टाकी शाळेच्या उजव्या हाताला आहे. तेव्हाही होती. हलवल्याशिवाय पलीकडे गेली का?

सुचेता: पाण्याची टाकी आहे काका ती. खाट नाही.

भालचंद्र: अगं, कारखान्याची क्रेन होती! टर्बाइन उचलणारी. तिच्यापुढे टाकी म्हणजे लोटा. साहेबांच्या बाईंनी गच्चीवर उडदाचे पापड घातले होते आणि बरोबर दुपारी टाकीची सावली त्यांच्यावर यायची. बाई साहेबांना बोलल्या, साहेब आम्हाला बोलले. रविवार बघून उचलली आणि ठेवली पलीकडे. तोंडापर्यंत भरलेली, पण थेंब सांडला नाही. पापड संपले तशी परत जागेवर आणली.

अच्युत: भालचंद्रराव, त्या टाकीत पन्नास हजार गॅलन पाणी मावायचं. वजन काढा.

भालचंद्र: अच्युतराव, वजन क्रेनने काढलं. मी खाली उभा राहून नुसती शिट्टी वाजवत होतो.

अच्युत: लिही सुचेता. "छायाचित्र शाळेच्या मागील बाजूने घेतले आहे." मागून बघितलं की डावं ते उजवं होतं. हे शास्त्र आहे.

भालचंद्र: मागे नाला होता. नारायण टिल्लू काय नाल्यात उभा राहून फोटो काढत होता?

अच्युत: पाय भिजवून काढला असेल. हौशी माणूस होता.

सुचेता: बस! क्रमांक एकतीस, "पाण्याची टाकी आणि शाळा." फुलस्टॉप. करा दोघं सही. आणि हे बघा, साडेतीन वाजलेत. पाच वाजता शंकर फ्रेमवाला येणार. फोटो आणि खालचा मजकूर दोन्ही घेऊन जाणार. एकदा काचेखाली गेलं की मग टाकी हलो नाहीतर नाचो. रविवारी मंडळाचं प्रदर्शन आहे, पिपलानी वसाहतीची पन्नास वर्षं आहेत, आणि टिल्लूकाकांच्या डब्यातले अजून नऊ फोटो बाकी आहेत.

भालचंद्र: टिल्लूचा डबा बघितलास ना? बिस्किटांचा. ड्रॉइंग ऑफिसात बसून दिवसभर रेघा मारायचा आणि सुटी मिळाली की गळ्यात कॅमेरा. त्याच्या मुलीने, शालिनीने दिला म्हणून बरं, नाहीतर या निगेटिव्ह भंगारात गेल्या असत्या.

सुचेता: शालिनीताईंनी दिल्या, मी घरी स्कॅन केल्या, आणि नऊ नंबरच्या लाइनमधले तुम्ही दोघंच उरलात, म्हणून तुम्हाला बोलावलं.

अच्युत: "उरलात" हा शब्द काढ.

सुचेता: सॉरी. सापडलात.

भालचंद्र: आणि बोलावलंस तर दोन सह्यांचा नियम केलास. दुसरा कोणी हो म्हणाला तरच माझं खरं. नियम मंडळाच्या नावावर, पण शिवलाय माझ्या मापाचा.

सुचेता: हो, तुमच्याच मापाचा. पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलं तसं मी लिहून घेतलं, की सहकारी भांडारात साखरेच्या रांगेत हत्ती उभा होता. ते अध्यक्षांनी वाचलं.

भालचंद्र: त्याने रांग मोडली नाही, हे लिहिलं होतंस का?

सुचेता: क्रमांक बत्तीस. मंगळवारचा बाजार. यात भांडण नाही ना?

भालचंद्र: वारात आहे. बाजार मंगळवारचा, पण तो बुधवारी भरला होता. कारण त्या आठवड्यात मंगळवार झालाच नाही.

सुचेता: अरे बाप रे.

भालचंद्र: सोमवारी कारखान्याचा भोंगा बिघडला. आमची सगळी वसाहत भोंग्यावर उठायची. माणसं सोड, कोंबड्या भोंगा ऐकून अंडी द्यायच्या, विरजण भोंग्याशिवाय लागायचं नाही. भोंगा वाजला नाही, कोणी उठलं नाही. दुरुस्त झाला तो बुधवारी. उठून बघतो तर दारात दोन दिवसांची वर्तमानपत्रं. माझ्या हजेरीच्या कार्डावर तो मंगळवार अजून कोरा असेल.

अच्युत: माझ्या कार्डावर नाही. मी गेलो होतो कामावर.

भालचंद्र: गेला असाल. एकटेच. म्हणूनच तर त्या दिवशी तुमच्या तपासणीत एकही नग नापास झाला नाही, बनवायलाच कोणी नव्हतं!

सुचेता: "मंगळवारचा बाजार." सही. सही. तेहतीस, बस थांबा. गर्दीमागे अर्धी बस. लोक उजव्या बाजूने उतरतायत, हे जरा अजीब वाटतं.

भालचंद्र: डावीकडे डॉक्टरांचा कुत्रा बसायचा. दत्तू ड्रायव्हर त्याला घाबरायचा, म्हणून सगळ्यांना आपल्या बाजूने उतरवायचा. मांडीवरून.

अच्युत: "प्रवासी चुकीच्या बाजूने उतरत आहेत. शिस्तीचा अभाव." असं लिही. मी सही करतो.

सुचेता: मी फक्त "बस थांबा" लिहिते. चला, चौतीस. क्वार्टर, समोर स्कूटर, आणि पाठमोरी उभी एक बाई. कोणाचं क्वार्टर?

अच्युत: माझं. अठ्ठेचाळीस.

भालचंद्र: थांब. बघू दे.

सुचेता: भालूकाका? याची गोष्ट नाही?

भालचंद्र: जरा मोठं करता येतं का ते?

सुचेता: येतं ना. हे बघा.

भालचंद्र: आणखी. नाही, घर नको. बाई.

सुचेता: फुटतंय आता. एवढंच होतं मोठं.

भालचंद्र: ही कमलिनी आहे.

सुचेता: कोण? आपली कमलिनीकाकू?

भालचंद्र: कमलिनी आहे. आणि घर सत्तेचाळीस आहे. माझं.

अच्युत: भालचंद्रराव, टाकीचं ठीक होतं. हत्तीचंही मी काही बोललो नाही. पण हे माझं घर आहे.

भालचंद्र: सव्वीस वर्षं राहिलो त्या घरात. मला माझं घर कळत नाही?

अच्युत: नाही कळत. कसं कळेल? पिपलानीत एका साच्यातली शेकडो घरं होती. आपली तर एका भिंतीची जोडघरं, एक दुसऱ्याचं उलटं. तुमचं दार उजव्या बाजूला, माझं डाव्या. तुमचं स्वयंपाकघर त्या भिंतीला, माझं या. तुम्ही स्वतः एकदा पाळीवरून आलात, सरळ आमच्या घरात शिरलात आणि पाट ओढून बसलात. वसुधाने पोहे दिले, तुम्ही खाल्लेत, "मीठ कमी पडलंय गं" म्हणालात आणि हात धुवायला गेलात ते थेट आमच्या देवघरात.

सुचेता: हे खरं आहे?

भालचंद्र: हे खरं आहे. मीठ कमीच होतं.

अच्युत: तर. या फोटोत दार कुठल्या बाजूला आहे?

सुचेता: डाव्या.

अच्युत: म्हणजे अठ्ठेचाळीस. पुरावा दुसरा, ही स्कूटर माझी. तुमच्याकडे सायकल होती. त्या लाइनमध्ये स्कूटर एकच.

भालचंद्र: आणि सावली? स्कूटरला लागून केवढी सावली पडलीय बघा. तुमच्या दारचा कडुनिंब माझ्या गुडघ्याला यायचा.

अच्युत: बागकाम खात्याने प्रत्येक दारापुढे एक कडुनिंब लावला होता. माझा पुढे वाढला.

भालचंद्र: तुम्ही निवृत्त झाल्यावर!

अच्युत: फोटोवर तारीख नाही, त्यामुळे झाडाची उंची हा पुरावा होत नाही. पुरावा तिसरा. ही बाई कमलिनीवहिनी नाहीत. पदर बघ सुचेता, कुठल्या खांद्यावर आहे?

सुचेता: उजव्या.

अच्युत: आपल्या बायका उजव्या खांद्यावर पदर घेतात? या मिश्राबाई. पंचावन्न नंबरच्या. रोज आमच्याकडे विरजण न्यायला यायच्या. तेव्हा, "क्वार्टर क्रमांक अठ्ठेचाळीस, अच्युत सबनीस यांचे निवासस्थान. दारात शेजारच्या मिश्राबाई." एकोणतीस वर्षं तपासणी विभागात काढली मी. दार, स्कूटर, पदर. तीन मापं, तिन्ही बरोबर. नग पास.

सुचेता: भालूकाका, तुमचा पुरावा?

भालचंद्र: पाठ.

सुचेता: पाठ म्हणजे?

भालचंद्र: कॅमेरा दिसला की ती पाठ करायची. टिल्लू लाइनमध्ये शिरला की बायका आत पळून वेण्या घालून यायच्या, आणि ही जागच्या जागी फिरायची. अशी. मान जराशी तिरकी, गेला का मेला ते ऐकायला.

अच्युत: मान मिश्राबाईंनाही होती.

सुचेता: काका, चेहरा दिसत नाही हो. मी कसं लिहू? समजा, काकूच आहेत. मग असं करू, काकू अच्युतकाकांच्या दारात उभ्या आहेत. दोघांचंही राहील.

भालचंद्र: दुसऱ्याच्या दारात ती अशी उभी राहिली नसती. कोणाकडे जायची तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून गुंडाळून घ्यायची. मग भर मे महिना असो. हा बघ, एका खांद्यावर मोकळा सोडलाय. असा पदर फक्त आपल्या घरी.

अच्युत: चुकीच्या खांद्यावर.

भालचंद्र: हो बाबा, चुकीच्या खांद्यावर! ते मला कळत नाहीये. कळत असतं तर सांगितलं नसतं?

सुचेता: तुम्ही आणि कळत नाही म्हणताय? टाकीसाठी तुम्हाला क्रेन सापडली, काका.

भालचंद्र: क्रेन सापडते. हिच्यासाठी काही सापडत नाही.

सुचेता: काका... एवढं काय आहे या फोटोचं? तुम्ही चार दिवसांपासून रोज मिसरोदहून दोन बस बदलून येताय. रोज आल्या आल्या विचारता, नऊ नंबरची लाइन निघाली का. मला वाटलं, तुम्हाला गोष्टी सांगायला आवडतात म्हणून येता.

भालचंद्र: ते तर आवडतंच.

सुचेता: मग?

भालचंद्र: आमच्या उदयच्या फ्लॅटमध्ये हॉलला तिचा फोटो आहे. बघितलायस ना? तो कुठला माहीत आहे? कारखान्याच्या दवाखान्याच्या कार्डावरचा. तेवढा एकच समोरून निघाला, कारण तोंड दाखवल्याशिवाय कार्ड मिळत नव्हतं. तोच मोठा करून आणला. फोटोवाल्याने आपल्या चपलाच उचलल्यात अशी बघतेय त्याच्याकडे. ती जाऊन सहा वर्षं झाली, रोज सकाळी चहा घेताना ती माझ्याकडे तशी बघते.

अच्युत: घरातले काही...?

भालचंद्र: नाहीत. आणि घरही सरकारी. निवृत्त झालो त्या महिन्यात किल्ली दिली, पंखे मोजून दिले. सव्वीस वर्षांत त्या घरात ती उभी आहे असा एक फोटो नाही. मी जगभरच्या गोष्टी सांगतो, पण ती तिथे होती हे दाखवायला माझ्याकडे काही नाही. म्हणून वाटलं, टिल्लूच्या डब्यात असेल. आणि आहे. आणि तुम्ही तिला मिश्राबाई करताय.

अच्युत: मी करत नाही हो. पदर करतोय.

सुचेता: थांबा. थांबा जरा. अच्युतकाका, मिश्राबाई यूपीच्या ना?

अच्युत: कानपूरच्या.

सुचेता: मतलब सीधा पल्ला. माझ्या सासूबाई तिवारी आहेत, काका. एकवीस वर्षं रोज बघतेय मी सीधा पल्ला, आणि लग्नात तर मला नेसवलाही होता. तो मागून उजव्या खांद्यावर येतो आणि पुढे, छातीवर पसरतो. टोक इथे कमरेशी खोचायचं. पाठमोऱ्या बाईला बघितलं तर पाठीवर लोंबताना काही दिसत नाही. डोक्यावर असेल तेवढाच.

अच्युत: बरं, मग?

सुचेता: मग ह्या बाईचा पदर बघा ना. उजव्या खांद्यावरून मागे सुटलाय. पार पोटरीपर्यंत. हा सीधा पल्ला नाहीच.

अच्युत: गुजराती?

सुचेता: गुजरातीही पुढेच येतो.

भालचंद्र: मद्रासकडे कुठे...?

सुचेता: काका, असा पदर कुठेच घेत नाहीत. पुढून मागे सोडायचा तर डाव्या खांद्यावरून. आपण घेतो तसा. हा आपलाच पदर आहे. फक्त...

अच्युत: फक्त काय?

सुचेता: अच्युतकाका, तुमच्या स्कूटरला किक कुठल्या बाजूला होती?

अच्युत: उजव्या. सगळ्याच स्कूटरना उजव्या बाजूला असते. हा काय प्रश्न झाला?

सुचेता: फोटोत बघा.

अच्युत: बघतोय. ही इथे... ही... डावीकडे आहे.

भालचंद्र: डावीकडे?

अच्युत: एक मिनिट. चष्मा पुसतो. डावीकडेच आहे.

सुचेता: अरे देवा. काका, मी निगेटिव्ह उलटी ठेवली स्कॅनरवर. एक चकाकणारी बाजू असते, एक मंद. कुठली वर, कुठली खाली, ते पट्टीच्या कडेला छापलेल्या आकड्यांवरून कळतं. पण या पट्टीची कड उंदराने खाल्ली होती. मी म्हटलं, काय फरक पडतो.

भालचंद्र: एकच निगेटिव्ह उलटी ठेवलीस?

सुचेता: एक नाही. पट्टी. सहा फोटोंची पट्टी असते. एकतीस ते छत्तीस.

अच्युत: एकतीस म्हणजे टाकी.

सुचेता: हो.

अच्युत: तेहतीस म्हणजे बस.

सुचेता: हो ना. आणि बाजारात तीन माणसं डाव्या हाताने जिलबी खातायत. मला वाटलं, असतील एकाच घरातली.

अच्युत: एकोणतीस वर्षं तपासणी विभागात. या पट्टीवर तीन सह्या केल्या मी आज. किक डोळ्यांसमोर होती, आणि मी "नग पास" म्हणालो. बरं झालं, पेन्शन सुरू झालीय. आता बंद करता येणार नाही.

भालचंद्र: म्हणजे टाकी हललीच नव्हती! मी सकाळपासून काय ओरडतोय? टाकी उजवीकडेच होती!

सुचेता: तुम्ही ओरडत होता की हलली.

भालचंद्र: ते तुझ्यासाठी. तू फोटो दाखवलास, त्यात टाकी डावीकडे. पोरीने एवढे चार दिवस खपून फोटो काढलाय, तो खोटा कसा म्हणायचा? म्हणून क्रेन आणली.

सुचेता: मेरे लिए?

भालचंद्र: मग काय. आणि दत्तूच्या मांडीवरून माणसं उतरवली, तीही तुझ्यासाठीच. माझं ऐकून तरी नारायण टिल्लू नाल्यात उतरला नाही. तो उतरवला यांनी.

अच्युत: चला, चला. ते राहू द्या. सरळ कर तो फोटो.

सुचेता: करते. एकच बटण आहे. बघा.

(सुचेता पडद्यावरचा फोटो फिरवते. दार उजवीकडे जातं, पदर डाव्या खांद्यावर. भालचंद्र खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतो.)

सुचेता: काका, पाणी देऊ?

भालचंद्र: नको. पायरीचा टवका दिसतोय का बघ. सिलिंडर आपटला होता माझ्या हातून. चार दिवस बोलली नव्हती.

सुचेता: आहे. इथे. उजव्या कोपऱ्यात.

भालचंद्र: हां.

अच्युत: पण मग माझी स्कूटर तुमच्या दारात कशी? ...अच्छा. बरोबर. तुमच्याच कडुनिंबाखाली लावायचो. माझी दुसरी पाळी असायची, सकाळभर उन्हात तापली असती.

भालचंद्र: विचारलं होतंत का कधी?

अच्युत: शेजाऱ्याला सावली कसली विचारायची? बरं, वहिनींच्या हातात ते काय आहे? सुचेता, तिथे मोठं कर. मगाशी मी हात बघितलाच नाही, खांदा बघत बसलो.

सुचेता: कपडा आहे काहीतरी. जाड. चादर?

भालचंद्र: पोतं आहे. ओलं पोतं. सीटवर टाकायची.

अच्युत: कुठल्या सीटवर?

भालचंद्र: तुमच्या. कडुनिंबाची सावली अकराला सरकायची. मग रबराचा वास यायला लागला की उठायची, पोतं भिजवायची आणि टाकायची. दीडला काढून घ्यायची, तुम्ही निघायच्या आधी. मी म्हणायचो, अगं, त्यांची गाडी आहे, त्यांना सांग. तर म्हणायची, सांगायचं काय त्यात.

अच्युत: सीट गार असायची. खरंच असायची. दुपारी दीडच्या उन्हात सगळी पाळी उड्या मारत गाडीवर बसायची आणि मी आपला आरामात. मला वाटायचं, वसुधा टाकते काहीतरी ओलं.

भालचंद्र: मग वसुधावहिनींना विचारलं नाहीत कधी?

अच्युत: विचारलं काय, कौतुक केलं! चारचौघांत केलं. हळदीकुंकवाला, मंडळाच्या सहलीत. माझी बायको माझ्या स्कूटरचीसुद्धा काळजी घेते म्हणून.

सुचेता: आणि वसुधाकाकू काय म्हणायच्या?

अच्युत: हसायची. "इश्श, त्यात काय" म्हणायची. आज घरी जाऊ दे मला.

भालचंद्र: काही बोलू नका घरी जाऊन.

अच्युत: का बोलू नको? पंधरा-वीस वर्षांचं कौतुक आहे!

भालचंद्र: असू द्या वहिनींकडे. कमलिनीने कधी परत मागितलं नाही.

सुचेता: काका, चार चाळीस झाले. शंकरची गाडी कधीही येईल. बाकीचे पाच फोटो मी फिरवते, पण याचा मजकूर तुम्ही सांगा. भालूकाका, तुम्हीच.

भालचंद्र: अच्युतराव सांगतील. मी सांगितलं तर दुसरी सही लागते.

अच्युत: दुसरी कशाला, पहिलीच करतो मी. आण ती वही इकडे. लिही सुचेता, "क्वार्टर क्रमांक सत्तेचाळीस. सौ. कमलिनी भालचंद्र धारपुरे, शेजाऱ्याच्या स्कूटरवर ओलं पोतं टाकताना." शेजाऱ्याचं नाव घालू नकोस.

सुचेता: का बरं?

अच्युत: रविवारी वसुधा येणार आहे प्रदर्शनाला.

सुचेता: स्कूटर ओळखतील की त्या!

अच्युत: ओळखू दे. नाव नको. ही माझी सही. हं, भालचंद्रराव, करा.

भालचंद्र: पेन चालत नाहीये.

अच्युत: टोपण काढा.

भालचंद्र: हां. केली.

सुचेता: आणि काका, गोष्ट? खाली दोन ओळींची जागा आहे. क्रेन वगैरे काही?

भालचंद्र: नको. तेवढंच ठेव.

सुचेता: पक्का? नंतर म्हणाल, पोत्यातून हत्ती निघाला होता.

भालचंद्र: तेवढंच.

सुचेता: बरं. तारीख कोरी सोडते मग.

अच्युत: कोरी का? तारीख नाही, पण वार काढता येतो. पट्टी एक, म्हणजे फोटो लागोपाठचे. बत्तीसमध्ये बाजार, चौतीसमध्ये फाटकाला ही भाजीची पिशवी अडकवलेली. पिशवीतून बाहेर आलेली ती मेथी आहे. बाजारातून आल्या, पिशवी अडकवली आणि आधी पोतं भिजवलं. एकच दिवस. मंगळवार.

सुचेता: पण अच्युतकाका, त्या आठवड्यात तर मंगळवार झालाच नव्हता. भोंगा बिघडला होता ना. भालूकाका, तुम्हीच सांगितलंत. काय लिहू, बुधवार?

भालचंद्र: मंगळवार लिही.

सुचेता: आँ? म्हणजे झाला होता?

भालचंद्र: झाला होता गं. मी कारखान्यात होतो, म्हणून मला दिसला नव्हता.